हातकलेतून घरच्या घरी व्यवसाय: विदर्भातल्या खेड्यांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, वर्धा, यवतमाळ या भागांतल्या बायाबापड्यांचे आणि कारागीर भावांचे प्रश्न मला रोज येतात. कोणी बचत गटाच्या बैठकीत विचारतं, कोणी रात्री दहा वाजता फोनवर. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. घाई असेल तर बाकी सगळं सोडा, प्रश्न ३ मात्र वाचाच. चांगला हात असलेली माणसं व्यवसाय सोडताना मी पाहिली आहेत, ती बहुतेक किमतीपाशीच अडली.

१. मला शिवण, विणकाम, थोडं बांबूचं, सगळंच येतं. सुरुवात कशापासून करू?

ज्या वस्तूचा कच्चा माल गावात किंवा आठवडी बाजारात मिळतो, तिच्यापासून. लोकर आणि मणी नागपूरहून आणावे लागत असतील तर एक रंग संपला की काम आठवडाभर थांबतं, आणि गाडीभाडंही वस्तूवर बसतं. सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीकडे बांबू आणि तणस (भाताचा पेंढा) आहे. वर्धा-यवतमाळकडे घरोघरी जुन्या सुती साड्या आहेत. भद्रावतीला मातीकामाची जुनी परंपरा आहे. मोहाडी-आंधळगावकडे टसर रेशीम आहे.

एकच वस्तू धरा, तिचे लहान-मध्यम-मोठे आकार करा आणि पहिल्या दहा नगांत हात बसू द्या. दहा प्रकारच्या दहा वस्तू मांडल्या की गिऱ्हाईक कौतुक करून निघून जातं. एकाच वस्तूचे दहा नग मांडले की ते त्यातला एक निवडतं.

२. भांडवल किती लागेल?

हातकामाला फार कमी. गोधडीला सुया, दोरा, कात्री. बांबूला सुरी, बारीक दात्यांची करवत, पॉलिश पेपर. पहिले दहा नग घरातल्या पैशांतून होतील एवढंच काम काढा. सुरुवातीलाच कर्ज काढून मशीन घेऊ नका. कर्जाबद्दल प्रश्न १३ मध्ये लिहिलं आहे.

३. किंमत कशी काढायची? शेजारीण म्हणते, "घरचंच तं आहे, दोनशे घेऊन टाक."

शेजारणीचा राग मानू नका. तिला फक्त कापड दिसतं, तुमचे तास दिसत नाहीत. ते दाखवणं आपलं काम आहे, म्हणून एका गोधडीचा हिशेब पूर्ण मांडते. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावच्या भावाने बदलून घ्या.

एकेरी पलंगाची गोधडी. आत चार जुन्या सुती साड्या. त्या घरच्या असल्या तरी फुकट धरायच्या नाहीत, कारण जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई त्यांचं काहीतरी देतेच. साडीचे ५० धरले तर २०० रुपये. वरचं आणि काठाचं नवं कापड २५०. दोरा ६०. धुणं, इस्त्री, सुया ४०. माल झाला ५५० रुपयांचा.

आता हात. बोटभर अंतरावर धावदोरा घातला तर एका गोधडीला ४५ तास लागतात. मी कालनिर्णयावर रोज "दुपारी २ ते ४" असं लिहून मोजले आहेत. तासाचा दर काय धरायचा? तुमच्या गावात निंदणाची रोजी किती आहे ते बघा आणि कामाच्या तासांनी भागा. निंदायला गेलेल्या बाईपेक्षा सुई धरलेल्या बाईचा तास स्वस्त का असावा? समजा तासाला ४० रुपये. ४५ तासांचे १८०० झाले. माल धरून २३५०. मोबाइल रिचार्ज, बिघडलेला नग, बाजारात जाणं-येणं यासाठी १० टक्के, म्हणजे २३५. एकूण २५८५. गोधडीची किंमत २६०० रुपये, त्याखाली नाही.

आकडा ऐकून बाया हातच लावतात तोंडाला. मीही माझी पहिली गोधडी ७०० रुपयांना दिली होती. माल वजा जाता उरले १५०, म्हणजे तासाला साडेतीन रुपयेही नाहीत. त्या दिवशी मला आनंद झाला होता, हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

किंमत जास्त वाटते म्हणून तासाचा दर तोडू नका, तास कमी लागतील अशी वस्तू काढा. बाळाची दुपटी ८-९ तासांत होते आणि बारशाला आहेर म्हणून जाते. त्याच धावदोऱ्यात उशीचे अभ्रे होतात, पिशव्या होतात. मोठी गोधडी ज्याला हवी त्याच्यासाठी मागणीप्रमाणे करा.

४. दुकानात ठेवायला द्यायचं तर किती टक्के सोडायचे?

मला आजवर ३० ते ४० टक्के मागणारे दुकानदार भेटले आहेत. जागा, भाडं, नोकर त्याचे असतात, त्यामुळे मागणं चुकीचं नाही. तुमची किंमत मात्र ते धरून काढलेली असली पाहिजे. दुकानदार ३५ टक्के घेणार असेल आणि तुमच्या हाती २६०० यायला हवेत, तर २६०० भागिले ०.६५, म्हणजे दुकानातली किंमत ४००० रुपये. मग प्रदर्शनात तुम्ही स्वतः विकतानाही ४००० च सांगा. दुकानात ४००० आणि तुमच्या घरी २६०० असं असेल तर तो दुकानदार दुसऱ्या वेळी माल घेणार नाही.

"विकल्यावर पैसे" या बोलीवर माल देताना दोन प्रतींत चिठ्ठी करा: तारीख, वस्तू, नग, तुमचा भाव, किती दिवसांनी हिशेब, आणि खराब झालेला नग कोणाचा. नागपूरच्या एका दुकानात माझे अठरा करंडे पावसाच्या गळतीत भिजले. चिठ्ठी नव्हती, त्यामुळे सगळे माझ्याच अंगावर आले.

५. नातेवाईक म्हनतात, "आमच्याकडूनही पैसे घेतं काय?" काय सांगाव त्याईले?

लग्नाचा, बारशाचा आहेर म्हणून एक वस्तू मनापासून द्या. दुसरी हवी असेल तर "भाव हा आहे, तुमच्यासाठी पोचवून देते" एवढं म्हणा. सासूबाईंसमोर जड जातं, मला माहीत आहे. हिशेबाच्या वहीत "भेट" असा वेगळा रकाना ठेवा. वर्षअखेरीला तो रकाना घरच्यांना दाखवला की बोलावं लागत नाही.

६. बांबूच्या वस्तूतून दोन महिन्यांनी पिवळा भुसा पडतो. गिऱ्हाईक परत आणून देतं. काय चुकतं?

बांबू कच्चा गेला. आतल्या पिठावर, म्हणजे स्टार्चवर, जगणारा बारीक भुंगेरा असतो. तो सुईच्या टोकाएवढं भोक पाडतो आणि आत पीठ करून टाकतो. मी पहिल्या वर्षी बारा ट्रे विकले, त्यातले पाच परत आले. एका ताईंनी टीव्हीच्या खाली साचलेला भुसा कागदात बांधून आणला होता. पाचही जणींचे पैसे परत केले आणि मग नीट शिकले.

बांबू तीन वर्षांचा किंवा त्याहून जून असावा. यंदाचा कोवळा घेऊच नका. तोड हिवाळ्यात व्हावी, पावसाळ्यात नाही. तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला की पीठ बरंच निघून जातं. साचलेल्या पाण्यात ठेवाल तर पाणी बदलत राहा, नाहीतर वास येतो आणि डाग पडतात. त्यानंतर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात भिजवायचं. दोन्ही मिळून ५ ते ६ टक्के, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५-६ किलो. मग सावलीत वाळवायचं. उन्हात टाकलात तर चिरतो.

एक सावधगिरी. ज्या वस्तूत अन्न ठेवलं जाणार, जसं सूप किंवा भाकरीची टोपली, तिला हे द्रावण लावू नका. तिथे भिजवणं, उकळणं आणि धुरी देणं एवढ्यावरच भागवा. द्रावणाचा ड्रम लेकरांपासून आणि गुराढोरांपासून दूर ठेवा.

हे सगळं हाताने करून बघायचं असेल तर चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिकडे मेळघाटातल्या लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र आहे. वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम महात्मा गांधींच्या काळापासून चालतं. मगन संग्रहालय १९३८ साली सुरू झालं. वस्तू कशी संपवायची, म्हणजे कडा, गाठी, घासणी कशी करायची, ते तिथे मांडलेल्या जुन्या वस्तू पाहून डोळ्यांना कळतं.

७. बांबू आणताना फॉरेस्टवाले पकडतील काय?

बांबू कुठून आणला त्यावर आहे. शेतातला, बांधावरचा बांबू असेल तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेरचा बांबू कायद्यातल्या "झाड" या व्याख्येत येत नाही, त्यामुळे तोडीची आणि वाहतुकीची अडचण राहिलेली नाही. तरी विकणाऱ्याकडून साधी पावती घ्या, नाक्यावर बोलणं सोपं जातं.

जंगलातला बांबू असेल आणि गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे तो गौण वनोपज आहे आणि अधिकार ग्रामसभेचा आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने यासाठी दीर्घ झगडा दिला आणि २०११ मध्ये ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तक आलं. तुमच्या गावाला वनहक्क असेल तर पास ग्रामसभेकडून घ्या.

गावाला वनहक्क नसेल तर जंगलातून परस्पर आणू नका. बुरड कामगारांसाठी वनविभागाकडे सवलतीच्या बांबूची वेगळी नोंदणी असते, तिची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करा.

८. आम्ही बुरड समाजाचे नाही. बांबूचं काम करावं का?

करायला कायद्याची आडकाठी नाही. पण सूप, टोपली, डाले यांवर कित्येक बुरड घरांची चूल चालते. त्यांचीच टोपली दहा रुपये कमी भावाने बाजारात नेऊन बसणं मला पटत नाही. विणकाम त्यांच्याकडूनच शिका, शिकवणीचे पैसे द्या आणि वस्तू वेगळ्या काढा: दिव्याच्या शेड, ट्रे, राख्या, पेनदाणी. आमच्या गटात विणीचं काम एक बुरड काकू पाहतात आणि प्रत्येक नगामागे त्यांचा वाटा वेगळा निघतो.

९. ऑर्डर नेमक्या शेतीच्या हंगामातच येतात. कसं जमवायचं?

हे आपल्याकडचं खरं दुखणं आहे. दिवाळीला मागणी असते तेव्हा सोयाबीनची सोंगणी चालू असते आणि मागोमाग कापसाची वेचणी लागते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. एकही बाई घरी सापडत नाही.

त्यामुळे दिवाळीचा माल ऑगस्टमध्येच करून ठेवावा लागतो. पेरणी, डवरणी, निंदण झालं की पिकं काढणीला येईपर्यंत जो मोकळा काळ मिळतो तो हातकामाचा. राखीचं काम त्याच्याही आधी, उन्हाळ्याच्या दुपारी. लग्नाच्या रुखवताच्या वस्तूंची मागणी फेब्रुवारीपासून असते, कापसाचा पैसा हाती आलेला असतो.

आणि तान्हा पोळा विसरू नका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा (पैसे, खाऊ) मिळवतात. हा सण विदर्भाचा, त्यामुळे पुण्या-मुंबईचा व्यापारी याच्या तयारीत नसतो. झूल, मठाटी (बैलाच्या डोक्यावर बांधायचा साज), घुंगरांच्या माळा, लहान तोरणं ही सगळी बायांच्या हाताची कामं आहेत. सुताराचा बैल आणि तुमची झूल अशी जोडी लावून विकली तर दोघांनाही जास्त मिळतं.

पावसाळ्यात केलेला माल साठवताना एक पथ्य: बांबू आणि कापड भिंतीला टेकवू नका, जमिनीवर फळी घालून ठेवा आणि उघाड मिळाली की वारा द्या. दमट हवेत घट्ट विणलेली टोपली एप्रिलच्या उन्हाळ्यात सैल होते, म्हणून पट्ट्या पूर्ण वाळवूनच विणायला घ्या.

१०. तान्ह्या पोळ्याचे बैल, कापडी बाहुल्या यांना आयएसआय मार्क लागतो असं ऐकलं. खरं का?

अर्धं खरं. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून गुणवत्ता चिन्ह सक्तीचं आहे. मात्र हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना त्यातून सूट आहे. म्हणून "पेहचान" हे कारागीर ओळखपत्र काढून घ्या. खेळणी करणाऱ्यांनी तर हे काम आजच करावं. ओळखपत्र असो-नसो, लहान मुलांच्या वस्तूला सुटणारी टिकली, टोकदार तार आणि निघणारा रंग नको.

११. घरून धंदा करायला कोणती नोंदणी लागते?

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंद, करा. ती ऑनलाइन होते, आधार आणि पॅन लागतं, सरकारी शुल्क शून्य आहे. सेतूवाला फॉर्म भरण्याची मजुरी घेईल ती ठीक, "नोंदणी फी" म्हणून हजार-दोन हजार मागितले तर उठून या. दुकान काढलंत आणि कामावरची माणसं वीसपेक्षा कमी असतील (२०२५ पूर्वी ही मर्यादा दहा होती) तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते.

सोबत पापड-लोणचं विकणार असाल तर ते वेगळं प्रकरण आहे, त्याला अन्न परवान्याची नोंदणी लागते.

१२. जीएसटी लागेल का? हैदराबादचं गिऱ्हाईक आहे.

महाराष्ट्रात वस्तूंची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर विकायचं झालं की साधारणपणे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, पण हस्तकलेच्या वस्तूंना इथे सवलत आहे: वर्षाला २० लाखांपर्यंत नोंदणीशिवाय राज्याबाहेर विकता येतं. अटी दोन. पॅन हवं, आणि वस्तू कितीही स्वस्त असली तरी ई-वे बिल (माल वाहतुकीची ऑनलाइन पावती) हवं. सवलत ठरावीक यादीतल्या वस्तूंना आहे, तेव्हा तुमची वस्तू त्यात बसते का ते तालुक्याच्या कर सल्लागाराला एकदा विचारा.

बाया नेमक्या पुढच्या ठिकाणी अडकतात. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतून विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीशिवाय फक्त आपल्याच राज्यात विकता येतं, आणि त्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवरून वेगळा नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. म्हणजे हैदराबादच्या ताईंना व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन पाठवता येईल, पण त्या ऑनलाइन बाजारपेठेतून नोंदणीशिवाय पाठवता येणार नाही.

१३. विश्वकर्मा योजना, मुद्रा, बचत गट. कर्ज कुठून घेऊ?

आधी बचत गट. गटातलं कर्ज लहान असतं, ओळखीच्या बाया परतफेडीला सांभाळून घेतात आणि "उमेद" या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या गटात असलात तर सरस या बचत गटांच्या मालाच्या सरकारी प्रदर्शनांची वाटही तिथूनच जाते. गावातल्या गटांचं काम पाहणाऱ्या समूह संसाधन व्यक्तीला तुमची वस्तू दाखवून ठेवा.

पीएम विश्वकर्मा ही योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. त्यात १८ पारंपरिक व्यवसाय आहेत: टोपली-चटई-झाडू करणारे, कुंभार, सुतार, शिंपी, पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणारे वगैरे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंतची मदत, आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख व ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि घरात सरकारी नोकरी असेल तर मिळत नाही. गोधडी किंवा क्रोशा करणारीने "शिंपी" म्हणून खोटं नाव घालू नये, पडताळणी होते. तिच्यासाठी मुद्राचं शिशु कर्ज आहे, ५०,००० पर्यंत.

ऑर्डर हातात नसताना यातलं कोणतंच कर्ज घेऊ नका.

१४. फोटो चांगले येत नाहीत.

सकाळी आठ-नऊला छपरीत, वस्तूचं तोंड उजेडाकडे करून, चुन्याच्या भिंतीसमोर. फ्लॅश बंद. एक फोटो पूर्ण वस्तूचा, एक विणीचा जवळून, एक हातात धरलेला म्हणजे आकार कळतो. फुलं-पानं सजवू नका.

१५. टोपली पाव किलोचीही नाही आणि कुरिअरवाला दहा किलोचे पैसे मागतो. फसवतो का?

नाही, तो खोक्याने अडवलेल्या जागेचं वजन धरतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक कुरिअरवाले ५००० ने भागतात. ४० × ४० × ३० चं खोकं म्हणजे ४८,००० भागिले ५०००, म्हणजे ९.६ किलो. म्हणून एकात एक बसतील अशा तीन आकारांच्या टोपल्यांचा संच विका किंवा घडी होणारी वस्तू काढा. मातीच्या वस्तूंना तणस घालता येते, पण कडकडीत वाळलेली, नाहीतर आत बुरशी धरते. पोस्टाचे दरही विचारून बघा.

१६. एकाने ५० नग मागितले आणि "पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करा" म्हणाला. करू का?

अजिबात नाही. पैसे घ्यायला कधीच स्कॅन करावं लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्या खात्यातून जातात. आमच्या ओळखीच्या एका मुलीची दिवाळीची सगळी कमाई अशी गेली. असं झालंच तर लगेच १९३० वर फोन करा, लाजून थांबू नका.

१७. वारली चित्रं, कार्टूनची चित्रं पिशव्यांवर काढून विकली तर चालतं का?

कार्टूनची नाही, ती कोणाच्या तरी मालकीची असतात. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे आणि ती पालघरकडच्या आदिवासींची आहे, त्यामुळे आपल्या पिशवीवर "अस्सल वारली" असं लिहू नका. आपल्या भिंतींवरची पोळ्याची, नागपंचमीची चित्रं, आजीच्या गोधडीतली फुली आणि चौकट, हे आपल्याकडे आहेच.

मोराची पिसं वापरणाऱ्यांसाठी: आपोआप गळलेली पिसं देशात विकता येतात, परदेशी पाठवायला बंदी आहे.

१८. दोनशे नगांची ऑर्डर आली आहे, मी एकटी आहे. हो म्हणू का?

आधी लिहून ठेवलेले एका नगाचे तास पाहा (प्रश्न ३). राखीला पाऊण तास लागत असेल तर दोनशे राख्यांना दीडशे तास. घरचं सांभाळून दिवसाला चार तास मिळत असतील तर ३८ दिवस. तेवढी मुदत नसेल तर चौघीजणींत वाटा, पण वाटण्याआधी एक नमुना पक्का करून तो प्रत्येकीच्या घरी द्या आणि नगाचा दर सगळ्यांसमोर ठरवा. तपासणी एकीनेच करायची आणि त्या तासांचेही पैसे धरायचे.

गिऱ्हाईकाकडून निम्मे पैसे आधी घ्या, माल आणण्यापूर्वी. "आधी माल दाखवा" म्हणाला तर नमुना दाखवा, तोही विकत. आणि मुदत सांगताना वेचणीचे दिवस मोजून मगच तारीख द्या.